तारवट्याचं घड्याळ

आमच्या ह्यांना घड्याळाची हौस लागली ती खाणीवर. पाळी गावाच्या बाजूला एका खाणीच्या मॅनेजरची जीप ते चालवायचे. मॅनेजरच्या डाव्या हाताला स्टीलचं जाड घड्याळ असायचं. त्याला चावी नाही, सेल नाही, हात हलतो त्यावर ते चालतं, असं त्याने ह्यांना एकदा सांगितलं आणि ते ह्यांच्या डोक्यात बसलं. पुढे मॅनेजर गेला, खाण बंद पडली, ह्यांनी शाळेची बस चालवायला घेतली. पण जेवायला बसले की कधीतरी विषय निघायचाच.

"आपोआप चालतं गो. माणूस चालतो, तसं ते चालतं."

"आणि माणूस झोपला की?"

"झोपला तरी दीड दिवस थांबत नाही."

हे सगळं बोलणं आमच्यात कोकणीत होतं. मला लिहायला शाळेने मराठीत शिकवलं, तेही चौथीपर्यंत, म्हणून मराठीतच लिहिते.

माझं माहेर पेडण्याला, समुद्राच्या बाजूला. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही भावाकडे गेलो होतो, तेव्हा हे संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला गेले आणि येताना हातात घड्याळ घालून आले. एका परदेशी माणसाला घरी जायच्या तिकिटाला पैसे कमी पडत होते, म्हणून त्याने हातातलं काढून दिलं म्हणे. कंपनीचं नाव तेच, मॅनेजरच्या घड्याळावरचं. तीन आठवडे ह्यांनी आमच्या डिचोलीच्या बाजारात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला नाही. मग मनगटावर हिरवा पट्टा उमटला. आणि एका सकाळी मोठा काटा आतल्या आत सुटला. हात हलवला की तो काचेखाली इकडून तिकडे घरंगळायचा.

हे रोज चहा प्यायचे त्या हॉटेलात ती गोष्ट लगेच पोचली. "पात्रांव, तुमच्या परदेशात आता किती वाजले?" असं जो तो शेठला विचारावं तसं विचारायला लागला. हेही सगळ्यांबरोबर हसले. पण नंतर महिनाभर चहा घरीच घेतला. बाहेरच्या चहाला आता चव राहिली नाही, म्हणाले.  तीस वर्षं त्याच हॉटेलातला चहा पिणारा माणूस.

म्हणून ह्यांना साठ वर्षं पूर्ण होणार, त्यांना खरं घड्याळ घेऊ या, असं मुलीने म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. नवीन घ्यायची आमची ऐपत नव्हती, वापरलेलंच घ्यायचं होतं. तिचा पगार आणि माझे कोकमसोलांचे, पापडांचे पैसे मिळून ते जमत होतं. मला पैशांची तेवढी काळजी नव्हती. हा माणूस पुन्हा एकदा फसला तर पुन्हा कशाची हौस म्हणून करणार नाही, याची होती.

मुलगी पणजीला नोकरी करते. ती रोज रात्रीच्या जेवणाआधी मोबाईलवर घड्याळं काढायची, हे तिच्या खांद्यावरून बघायचे आणि ती एकेक बाद करायची.

"याचा डबा नाही, पप्पा."

"मी घड्याळ हाताला बांधणार की डब्याला?"

"डबा आणि कार्ड कुणाकडे असतं? ज्याने दुकानातून घेतलं त्याच्याकडे. चोरणारा डबा शोधत बसत नाही."

एकाने आधी थोडे पैसे पाठवा, मग घड्याळ तुमच्यासाठी बाजूला ठेवतो, असं कळवलं. त्याला तिने तिथेच रामराम केला. एकाने सात फोटो पाठवले, सगळे हातात घातलेले. हे खूष झाले. मी भाकरी थापताना जाऊन डोकावले. मग मुलगी पाणी प्यायला आत आली तेव्हा तिला हळूच सांगितलं, "त्यात हात तीन माणसांचे आहेत. एक केसाळ, एक अंगठीवाला आणि एक बाईचा वाटतो."

तिने परत फोटो बघितले. "आई, हे तू बाहेर का नाही बोललीस?"

"तू बोल ना आता."

आमच्या घरात हे असंच चालतं. मला दिसतं ते मी मुलीला सांगते, मुलगी वडिलांना सांगते. परक्या माणसासमोर तर माझी जीभ टाळ्यालाच चिकटते.

मग पेडण्याहून एक जाहिरात आली. माणूस तारवटी, म्हणजे आमच्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्याला म्हणतात तो. आता म्हातारा झालेला. मनगट बारीक झालं, घड्याळ कोपरापर्यंत घसरतं, मुलं लंडनला आहेत आणि ती मोबाईलवर वेळ बघतात, म्हणून विकायचं आहे, असं त्याने फोनवर सांगितलं. डबा आहे, कार्ड आहे, कधीही येऊन बघा. मुलीला त्याचं बोलणं पटलं. तिला रविवारीही कामावर जायचं होतं, म्हणून आम्हा दोघांनाच पाठवलं. जाण्याआधी तिने तीन गोष्टी माझ्याकडून कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतल्या. घड्याळाच्या पाठीवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच हवा. पैसे त्या दिवशी द्यायचे नाहीत. आणि घड्याळ आपण निवडलेल्या कारागिराकडून उघडून बघायचं, त्यांच्या ओळखीच्या नव्हे.

स्कूटरवरून गेलो. कोलवाळचा पूल ओलांडला आणि हे गुणगुणायला लागले.

तारवट्याचं घर जुनं, पण स्वच्छ. पुढे बाल्कांव म्हणजे उघडी ओसरी, दोन्ही बाजूंनी सिमेंटची बाकं. त्याची बायको माझ्याच वयाची असेल, जरा मोठी. तिने लगेच चहा आणला आणि बशीत दोदोल, नारळाच्या रसातली गुळाची मऊ वडी. तारवटी आत गेला आणि लोकरीचा एक मोजा घेऊन आला. त्या मोज्यातून त्याने घड्याळ बाहेर काढलं आणि ह्यांच्या तळहातावर ठेवलं. मग हिरवा डबा आणि कार्ड आणून बाकावर ठेवलं.

 ह्यांनी घड्याळ कानाला लावलं, परत हातात घेतलं, हलवलं, परत कानाला लावलं. तारवटी सांगत होता, कुठल्या बंदरात घेतलं, पहिल्या पगाराच्या वेळी कसं परवडलं नव्हतं, मग किती वर्षांनी त्याच दुकानात गेला. ह्यांना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे.

"नंबर," मी हळू म्हटलं.

ह्यांनी चष्मा सारखा केला, घड्याळ उलटं केलं, कार्डाकडे बघितलं. "हां, बरोबर. तोच आहे." आणि दोन्ही बाकावर ठेवलं.

मला काही सगळा नंबर एका नजरेत वाचता येत नाही. रेशनकार्ड असो की विजेचं बिल, मी बोट ठेवून एकेक आकडा वाचते. तसंच तेव्हा केलं. पुरुष बोलत होते, मी घड्याळ आणि कार्ड मांडीवर घेतलं. पहिले चार जुळले. पाचवा जुळला नाही. सहावा जुळला नाही. शेवटचे दोन जुळले. मी परत पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा. तोवर माझ्या चहावर साय धरली.

"खा गो बाय, लाजू नको," असं म्हणत बाईने माझ्या बशीत दोदोलाचा दुसरा तुकडा ठेवला.

आता बोलायला हवं होतं. पण त्यांच्याच बाल्कांवात बसून, त्यांचाच दोदोल खात, तुमचा नंबर खोटा आहे असं कसं म्हणायचं? म्हणजे चोरच म्हटल्यासारखं. आणि तारवटी म्हणत होता, "हाताला बांधून बघा, बांधल्याशिवाय कळत नाही." ह्यांनी मनगट पुढे केलं होतं.

माझ्या तोंडून निघालं, "आधी कौल घ्यायला हवा."

आमच्याकडे घर बांधायचं, विहीर खणायची, लग्न ठरवायचं म्हटलं की गावच्या देवाला विचारतात. भट मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल घ्यायचा आहे म्हटलं की गोव्यात कुणी कुणाला घाई करत नाही आणि कुणाला राग येत नाही. म्हणूनच ते माझ्या तोंडात आलं असावं.

तारवटी लगेच मागे सरला. "घ्या, घ्या. मीसुद्धा बोटीवर चढायच्या आधी सायबिणीला मेणबत्ती लावल्याशिवाय कधी गेलो नाही." सायबीण म्हणजे त्यांची मेरीमाता.

हे मात्र माझ्याकडे बघतच राहिले. परत येताना पुलावर बोलले, "फ्रिज घेताना कौल घेतला नाही. घड्याळाचा कोण घेतं गो?"

"तुम्ही घ्या," मी म्हटलं.

माझा हिशेब सोपा होता. संध्याकाळी मुलीला सांगायचं, ती वडिलांना सांगेल, झालं. पण मुलगी त्या दिवशी वेगळ्याच मूडमध्ये होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नंबर बघितलेला नाही. फोटोही तुम्ही काढला नाही. तू बघितलास, तर तू सांग."

"अगं, पण..."

"आई, नवरा आहे तो तुझा. परका माणूस नव्हे."

मी उद्या सांगते म्हटलं. उद्याचा दिवस उजाडला तो सोमवार, मे महिना असल्याने शाळेच्या बसला सुट्टी. मी उठले तेव्हा ह्यांची आंघोळ झाली होती, धुतलेलं धोतर नेसून नारळ सोलत बसले होते. कौलाला निघाले होते. मी घाईघाईने साडी बदलून मागोमाग गेले.

देवळात आमच्यापुढे लग्नाचा कौल घ्यायला आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचं झालं, मग भटाने ह्यांना विचारलं, "कसला कौल?"

"एक वस्तू घ्यायची आहे."

"गाडी?"

"लहान आहे."

"स्कूटर?"

"त्याहून लहान."

भटाने हातातलं तबक खाली ठेवलं. "तुम्हीच सांगा बाबा."

"घड्याळ," हे म्हणाले. मागून लग्नाकडच्यांपैकी कुणीतरी खाकरलं.

"घड्याळाचा कौल माझ्या बापाने लावला नाही कधी," भट म्हणाला. पण लावला. पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू एक वस्तू घ्यायला बघतं, ती याला लाभायची असेल तर उजवा दे." मी खांबाजवळ उभी राहून मनातल्या मनात डावा मागत होते. डावा पडला की विषय संपला, मला बोलावं लागणार नाही, कुणी दुखावणार नाही.

गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आधीच उजवी पाकळी पडली.

भट हसला. "इतक्या लवकर तर लग्नालाही देत नाही."

बाहेर येऊन हे चपला घालत होते आणि दुसऱ्या हातात फोन होता. तारवट्याला कळवायला निघाले होते. आता देवाने हो म्हटलेलं होतं आणि मी काय सांगणार होते?

"नंबर जुळत नाही," मी म्हटलं.

"कसला नंबर?"

"कार्डावरचा. पाचवा आणि सहावा आकडा वेगळा आहे."

"देवाने उजवा दिला ना."

"देवाला कार्ड कुठे दाखवलं?"

हे एक चप्पल पायात, एक बाहेर, तसेच उभे. "तू कधी बघितलंस?"

"तिथेच."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"दोदोल खात होते."

मला वाटलं रागावतील, नाहीतर हसतील. ते दोन्ही झालं नाही. देवळाच्या पायरीवर बसले आणि फोन खिशात ठेवला. म्हणाले, "म्हणजे परत तसंच." मग म्हणाले, "राहू दे. मला काय करायचं आहे घड्याळ. बसला वेळ सांगायला शाळेची घंटा आहे."

तो चेहरा मला माहीत होता. बाहेरच्या चहाची चव गेली तेव्हाचा. आता हे काही विचारणार नाहीत, तारवट्याला फोन करणार नाहीत, आणि खरं काय खोटं काय ते कधी कळणारच नाही. मी म्हटलं, "फोन द्या."

"तू?"

"द्या."

त्यांनी नंबर लावून दिला. माझ्या नशिबाने फोन बाईने उचलला. मी एका दमात सांगून टाकलं, पाचवा आणि सहावा आकडा जुळत नाही, आम्ही तुम्हाला खोटं म्हणत नाही, पण तुम्ही एकदा बघा.  मग बाईने नवऱ्याला हाक मारली आणि तो फोनवर आला. त्याचा आवाज मोठा होता. "चाळीस वर्षं समुद्रात काढली, कुणाचा एक दोर उचलला नाही." मी फोन कानापासून लांब धरला, तेव्हा ह्यांनाही ऐकू येत होतं. पण मी फोन ठेवला नाही.

"तुम्ही बोट ठेवून वाचा," मी म्हटलं. "एकेक आकडा. मी थांबते."

तो तणतणत आत गेला. आम्ही थांबलो. भट बाहेर येऊन कौल लागला तरी पायरीवर का बसलात असं विचारून गेला. मग फोनमध्ये दोघांची आधी कुजबुज, मग बाईचं हसणं ऐकू आलं. ती इतकं हसत होती की तिला बोलता येईना.

झालं होतं असं. तारवट्याने त्या बंदरात एकसारखी दोन घड्याळं घेतली होती, एक स्वतःला, एक धाकट्या भावाला. दोन्ही डबे बरीच वर्षं एकाच कपाटात होते. सणाला कपाट पुसताना बाईने डबे बाहेर काढले, परत ठेवताना कुठलं कार्ड कुठल्या डब्यात याचा विचार केला नाही. भावाने वेगळं घर केलं तेव्हा त्याला जो हाताला लागला तो डबा दिला.

तारवटी परत फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "बाय, तुझं बरोबर. माझं कार्ड भावाकडे असणार. मला वीस वर्षांत कळलं नाही."

हे पायरीवरून उठले आणि दुसरी चप्पल पायात घातली.

मुलगी मात्र संध्याकाळी ऐकून लगेच विरघळली नाही. "गोष्ट छान आहे. पण ते कार्ड समोर येऊ दे, घड्याळ उघडून होऊ दे, आणि विकणाऱ्याची सही असलेला कागद घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडून. मग पैसे."

हे तिच्यावर जरा चिडले. "सगळ्यांवर संशय घ्यायचा?"

"सगळ्यांवर सारखाच घेतला तर कुणाला राग येत नाही, पप्पा."

तारवट्याला खरंच राग आला नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी भेटू या, म्हणाला. आमच्या सोनाराने एक घड्याळजी सांगितला होता, जिन्याखाली एवढंसं दुकान, आत एकच माणूस बसू शकतो. आम्ही रस्त्यावरच उभे राहिलो. तारवटी मोजा घेऊन आला आणि त्याचा भाऊ स्कूटरवरून डबा घेऊन आला. भावाने डबा उघडला तर आत मासे पकडायच्या गऱ्या, शिशाचे गोळे आणि सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वास.

"एवढ्या महागाच्या डब्यात गऱ्या ठेवतोस?" तारवटी म्हणाला.

"डबा मजबूत आहे," भाऊ म्हणाला. "घड्याळ कधीच पाण्यात पडलं, डबा राहिला."

"पाण्यात पडलं आणि मला आज सांगतोस?"

"तू बोटीवर होतास."

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण फिरवून काढलं. हे बाहेर असे उभे होते, जसं आत कुणाचं ऑपरेशन चाललं आहे.  बाजारातली माणसं आमच्या मधून टोपल्या घेऊन जात होती आणि आम्ही कुणी बाजूला होत नव्हतो. बऱ्याच वेळाने घड्याळजी म्हणाला, "यंत्र खरं आहे. एकदा साफ केलेलं दिसतं, बाकी कुणी हात घातलेला नाही. रबराची कडी गेली आहे, ती मी बदलून देतो. तोवर आंघोळीला घालू नका."

"मी आंघोळीला घालणारच नाही," हे म्हणाले.

सही झाली, कागद झाला. आता फक्त कार्ड राहिलं. भावाने डब्यातलं कापड उचललं, खालून कार्ड काढलं. त्याच्या कोपऱ्यात एक गरी अडकली होती, ती सोडवली आणि कार्ड ह्यांच्या हातात दिलं. घड्याळजीने झाकण बसवून घड्याळ पालथं करून पुढे सरकवलं.

ह्यांनी चष्मा लावला. कार्डाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे दिलं.

"तू वाच," म्हणाले. "मोठ्याने."

समोर चार पुरुष, मागे अख्खा शुक्रवारचा बाजार. चौथीनंतर मी कधी कुणासमोर मोठ्याने वाचलेलं नाही. मी कार्ड फळीवर ठेवलं, शेजारी घड्याळ ठेवलं, बोट पहिल्या आकड्यावर टेकवलं आणि वाचायला लागले. एक कार्डावरचा, एक घड्याळावरचा. तारवटी माझ्याबरोबर ओठ हलवत होता. पाचव्याला मी थांबले, परत बघितलं आणि वाचला. सहावाही वाचला. मग सातवा, मग आठवा.

"जुळला," मी म्हटलं, आणि ह्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं.